निळे गाल, लाल नाक: मँड्रिलच्या तोंडावर काय लिहिलंय?

मँड्रिलचा फोटो खान्देशातल्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हाई वांदर खरं शे का?" हल्ली तर 'एआयनं बनवलंय भो' म्हणून लोक सरळ मोकळे होतात. त्यांचंही बरोबर आहे. नाकाच्या शेंड्यापासून वर चढत गेलेला लालभडक पट्टा, दोन्ही बाजूंना निळे, फुगीर, खाचा पाडलेले गाल, खाली पिवळी-केशरी दाढी आणि पाठमोरा झाला तर ढुंगणावर निळा, जांभळा, गुलाबी, लाल असा सगळा पसारा. सातपुड्यातलं राखाडी वानर बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे कुणीतरी रंगवून सोडलंय असंच वाटणार. चार्ल्स डार्विनही या प्राण्यापुढे थबकला होता. सगळ्या सस्तन प्राण्यांत इतक्या विलक्षण रंगाचा दुसरा कुणी नाही, असं त्यानं १८७१ मध्ये लिहून ठेवलंय.

प्राणी खरा आहे आणि रंगही खरे आहेत. मात्र त्या तोंडावरच्या दोन रंगांची जात वेगळी आहे. निळ्यात रंगद्रव्य नावाची चीजच नाही. लाल रंग त्या नराचे दिवस फिरले की चढतो किंवा उतरतो. आणि टोळीतले बाकीचे प्राणी हे तोंड बघून कुणाच्या वाटेला जायचं, कुणाला वाट सोडायची, हे ठरवतात. म्हणजे मँड्रिलचं तोंड नुसतं बघायचं नसतं, वाचायचं असतं.

आधी घराणं

आपल्याकडे दोन तऱ्हेची माकडं दिसतात. एक वानर. काळं तोंड, लांबलचक शेपूट, पानं आणि कोवळे शेंडे यांवर गुजराण. त्यांच्या टोळीचा म्होरक्या तो हुप्प्या. दुसरं तांबूस तोंडाचं माकड, देवळाच्या पायऱ्यांवरून फुटाणे उचलून गालात कोंबणारं. वानराला गालात पिशव्या नसतात, त्याऐवजी पानं आंबवून पचवायला कप्प्याकप्प्यांचं पोट असतं. माकडाला पिशव्या असतात. मँड्रिललाही असतात. तो आपल्या वानराचा लांबचा, पण तांबड्या माकडाचा बराच जवळचा भाऊबंद आहे.

१७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञानं त्याला शास्त्रीय नाव दिलं. लांबट थोबाड पाहून पुढे बराच काळ लोकांनी त्याला बबून नावाच्या लांब तोंडाच्या माकडांच्या पंगतीला बसवलं. जनुकांची तुलना झाल्यावर कळलं की आफ्रिकेतली मँगाबे नावाची तुलनेनं साधीसुधी दिसणारी माकडं त्याच्या जास्त जवळची आहेत. सख्खा भाऊ म्हणावा असा एकच, ड्रिल. अंगकाठी तीच, पण तोंड काळंकुळकुळीत. ड्रिलच्या खालच्या ओठाखाली लाल रेघ आणि ढुंगणावर रंग असतो खरा, पण चेहऱ्याच्या बाबतीत सगळी मिरवणूक मँड्रिलच्याच वाट्याला आली.

जगातलं सगळ्यात मोठं माकड हेच. गोरिला, चिंपांझी मोठे असतात, पण ते कपी, त्यांना शेपूट नसते. मँड्रिलला असते, पाच-दहा सेंटीमीटरची. नर साधारण २५ ते ३० किलोंचा, मादी १० ते १२ किलोंची. नर आणि मादी यांच्यात इतकी तफावत फार थोड्या माकडांत सापडते. मादीचे रंगही नरापेक्षा फिके असतात, पण माद्या-माद्यांतही कुणाचं तोंड जास्त गुलाबी, कुणाचं कमी, असा फरक असतोच.

राहतो कुठे, तर मध्य आफ्रिकेच्या पश्चिम कडेला. दक्षिण कॅमेरून, इक्वेटोरियल गिनीचा मुख्य भूमीवरचा भाग, गॅबन आणि काँगो प्रजासत्ताक. यातला गॅबन हा मँड्रिलचा बालेकिल्ला. हा देश आकारानं महाराष्ट्राहून थोडाच लहान, पण एकट्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ४२ लाख माणसं मोजली गेली, आणि अख्ख्या गॅबनची लोकसंख्या त्याहून कितीतरी कमी आहे. देशाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग जंगलाखाली. आपल्या साग-अंजन-सालईच्या पानगळीच्या रानाची सवय असलेल्या डोळ्यांना ते जंगल कळणं अवघड आहे. मार्च-एप्रिलमध्ये यावलच्या डोंगरात शंभर पावलांवरचं हुप्प्याचं तोंड स्पष्ट दिसतं. तिथे बारा महिने हिरवं, छत बंद, खाली भरदिवसा अंधार.

नद्यांची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती तापीकाठच्या माणसाला चटकन पटेल. कॅमेरूनमधली सनागा नदी ही मँड्रिल आणि ड्रिल यांच्यातली हद्द. नदीच्या उत्तरेला ड्रिल, दक्षिणेला मँड्रिल. गॅबनमधली ओगोवे नदी तर मँड्रिलमध्येच फूट पाडते. तिच्या दोन काठांवरच्या मँड्रिलांची जनुकं सुमारे आठ लाख वर्षांपासून वेगळी पडत आली आहेत. आपल्याकडे तांबड्या माकडांच्या दोन जातींची जुनी हद्द पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशीच सांगतात. उत्तरेला आखूड शेपटीचं ऱ्हीसस, दक्षिणेला लांब शेपटीचं, डोक्यावर मधोमध भांग पाडलेलं बॉनेट. पोहता येत असलं तरी भरल्या नदीत उडी टाकायची हौस माकडाला नसते. अलीकडे ही हद्द ऱ्हीससनं दक्षिणेकडे सरकवली आहे, आणि त्यात एका गावानं पकडलेली माकडं दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन सोडणाऱ्या आपल्या लोकांचाही हातभार आहे.

निळा बांधलेला, लाल वाहता

आता मुख्य मुद्दा. निळा रंग प्राण्यांच्या अंगात बनवायला महाकठीण. पिवळा, तांबडा, काळा, तपकिरी यांची रंगद्रव्यं शरीर तयार करतं किंवा खाण्यातून मिळवतं. निळं रंगद्रव्य मात्र फारच थोड्या प्राण्यांना साधलंय. मग नीळकंठ निळा कसा? मोराची मान निळी कशी? त्यांच्या पिसात सूक्ष्म रचना असते आणि ती प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फेकते. नीळकंठाचं पीस कुटून त्याची भुकटी केली तर निळ्याचा पत्ता राहत नाही, कारण रचना मोडली. कपड्याची नीळ चुरडली तरी निळीच राहते, हा दोन्हींतला फरक.

मँड्रिलच्या गालावर पिसं नाहीत, उघडी कातडी आहे. ती निळी का दिसते, याचा उलगडा रिचर्ड प्रम आणि रोडोल्फो टोरेस या अमेरिकेतल्या दोघांनी २००४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केला. त्याआधी सर्वसाधारण समज असा, की आकाश ज्या कारणानं निळं दिसतं त्याच कारणानं ही कातडीही, म्हणजे बारीक कण प्रकाश विखुरतात म्हणून. पण आत पाहिलं तर मामला जास्त शिस्तीचा निघाला. कातडीत कोलॅजेनचे धागे असतात, तुमच्या-माझ्याही असतात, कातडीला चिवटपणा त्यांच्यामुळेच येतो. मँड्रिलच्या गालात हे धागे समांतर, एकाच जाडीचे आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर रचलेले असतात. कपाशी उपटल्यावर बांधावर पऱ्हाट्यांची मोळी रचतात, ती कापलेल्या टोकाकडून पाहा. गोल टोकांची जशी दाटी दिसते, तशी ही धाग्यांची आडवी कापलेली दाटी. फक्त इथलं अंतर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही बारीक. निळ्या प्रकाशाच्या लहरीची लांबी या अंतराशी जुळते, म्हणून परत फिरणाऱ्या निळ्या लहरी एकमेकींना जोर देतात आणि बाकीचे रंग पुढे आत जातात. आत मेलॅनिनचा काळा थर असतो, तो त्यांना गिळून टाकतो. तो थर नसता तर मागून परतणाऱ्या पांढऱ्या उजेडात निळा पुसट झाला असता.

मोराच्या मानेचा रंग बघणाऱ्याच्या कोनाप्रमाणे हिरव्या-निळ्यात खेळतो. मँड्रिलचा गाल कुठूनही पाहिला तरी निळाच, कारण धाग्यांची रचना नीटस असली तरी काटेकोर स्फटिकासारखी नसते. आणि हा निळा टिकाऊ आहे. वयात येताना एकदा गाल तयार झाले की नराचे दिवस बरे असोत की वाईट, त्यात फारसा फरक पडत नाही.

लाल रंगाचं तसं नाही. तो रक्ताचा रंग आहे. नाकावरच्या कातडीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि ते पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतं. नरांमधलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं की हा लाल गडद होतो, घटलं की उतरतो. हे कागदावरचं अनुमान नाही. गॅबनमधल्या फ्रान्सव्हिल इथल्या वैद्यकीय संशोधन केंद्रानं १९८३ मध्ये पंधरा मँड्रिल जंगलाच्या कुंपण घातलेल्या मोठ्या तुकड्यात सोडले. त्यांची संख्या पुढे वाढत गेली, आणि कोण कुणाचं पिल्लू, कोण कधी वर चढला, कोण कधी पडला, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. ॲलन डिक्सन, जोआना सेचेल यांसारख्या अभ्यासकांनी त्यातून जे दाखवलं ते असं.

टोळीचा नवा हुप्प्या झालेल्या नराचं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, अंडकोष मोठे होतात, ढुंगणावर चरबी चढते, छातीवरची ग्रंथी जास्त पाझरायला लागते आणि तोंड लालभडक होतं. सत्ता गेलेल्या नराचं याच्या उलट होतं. लाल फिकट पडतो, चरबी उतरते, निळा मात्र तसाच राहतो. त्याच वयाचे दोन नर शेजारी उभे केले तर एक थोराड आणि झगझगीत, दुसरा सडपातळ आणि मळकट, असं चित्र दिसू शकतं. दुसरा आजारी आहे असं नव्हे. रंग दाबून ठेवलेला नर गुमान कडेकडेनं राहतो आणि लाल तोंड मिरवण्याची किंमत चुकवत नाही. किंमत साधी नाही. मोठ्या नराचे सुळे चार-पाच सेंटीमीटर लांब असतात, आणि ते मांसात गेले की काय होतं ते सांगायला नको.

म्हणून तर तोंड वाचायची सोय सगळ्यांच्याच फायद्याची. दोन नरांच्या लालीत बराच फरक असेल तर फिका नर भांडण न करता बाजूला होतो. दोघांची लाली साधारण सारखी असेल तेव्हाच धमकावणं, ताणलेले आमनेसामने आणि खऱ्या मारामाऱ्या जास्त होतात. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. पाटलाच्या दोन वाड्यांत भांडण जुंपतं ते बरोबरीच्यांतच, सालदाराशी नाही.

माद्याही वाचतात. ज्या नराचं तोंड जास्त लाल, त्याच्याकडे त्यांचा ओढा जास्त, आणि तो हुप्प्या आहे म्हणून नव्हे. दर्जाचा हिशेब बाजूला काढला तरी लालीचा परिणाम उरतो, असं सेचेल यांच्या निरीक्षणांत दिसलं. निळा मग कशाला? काही अभ्यासकांच्या मते शेजारच्या निळ्यामुळे लाल जास्त उठून दिसतो. अंधाऱ्या रानात हे पटण्यासारखं आहे.

हे सगळं चालतं, कारण वाचणाऱ्याला डोळे आहेत. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच तऱ्हेच्या असतात, त्यांना लाल आणि हिरव्यात फरक कळत नाही. पोळ्याला आपण हौसेनं बैलाची शिंगं लाल रंगवतो, पण त्या बिचाऱ्याला तो लाल दिसतच नाही. बैल लाल कापड पाहून उधळतो हीसुद्धा थापच. तो कापड हलतंय म्हणून उधळतो. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या, आणि माणसाच्याही, डोळ्यांत मात्र तिसऱ्या तऱ्हेच्या पेशी असतात. त्यामुळे मँड्रिलचं लाल नाक दुसऱ्या मँड्रिलला लख्ख दिसतं, आणि त्याच्या मागावर असलेल्या बिबट्याला त्यातली लाली कळतच नाही.

लाल तोंडाचा हा खेळ सातपुड्याकडे अगदीच परका नाही. ऱ्हीसस माकडांचीही तोंडं आणि ढुंगणं विणीच्या हंगामात जास्त लाल होतात. उत्तर भारतात हा हंगाम पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर येतो. तापीपलीकडच्या रानात आखूड शेपटीची माकडं दिसली तर दिवाळीच्या आसपास आणि पुन्हा उन्हाळ्यात त्यांच्या तोंडाकडे बघा. फोटो काढून ठेवला तर फरक पडताळता येईल.

आठशे मँड्रिल एका वाटेनं

रानात मँड्रिल दिसणं दुर्मीळ, आणि दिसले की आकडा ऐकून विश्वास बसत नाही. गॅबनच्या लोपे राष्ट्रीय उद्यानात जंगल आणि गवताळ माळ यांची सरमिसळ आहे. जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना टोळीला उघड्यावरून जावं लागतं. अभ्यासकांनी तिथे कॅमेरा लावला आणि चित्रफीत थांबवून थांबवून डोकी मोजली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत टोळीची सरासरी सहाशेच्या पुढे गेली आणि सगळ्यात मोठी टोळी ८४५ जणांची निघाली. माणूस सोडला तर इतर कुठल्याही प्रायमेटच्या (म्हणजे माकडं, कपी यांच्या कुळातल्या प्राण्याच्या) रानातल्या टोळीत, एकाच जागी घट्ट राहणारे एवढे जीव क्वचितच मोजले गेलेत. अशा एका टोळीचा वावर सुमारे १८० चौरस किलोमीटरांत होता. आपलं यावल अभयारण्य जवळपास तेवढंच आहे.

त्या मोजणीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या गर्दीत पूर्ण वाढलेले नर बोटांवर मोजण्याइतके. टोळी म्हणजे माद्या आणि पोरंसोरं. थोराड नर वर्षाचा बराच काळ एकटेच रानात हिंडतात आणि माद्या माजावर यायच्या दिवसांत टोळीत येतात. गॅबनमध्ये हा काळ साधारण जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथला मोठा कोरडा हंगाम. आपण इकडे पेरणी आणि पोळ्याच्या गडबडीत असतो तेव्हा विषुववृत्तावर पाऊस रजेवर असतो. सगळ्याच टोळ्यांत हे इतकं कडक पाळलं जातं असं नाही, गॅबनमध्येच दुसऱ्या ठिकाणी लहान टोळ्याही मोजल्या गेल्यात.

नर आला की ज्या मादीचे दिवस असतील तिच्या मागे मागे फिरतो, दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. फ्रान्सव्हिलच्या नोंदींत दोन तृतीयांशाहून जास्त पिल्लं हुप्प्याचीच निघाली. सहा महिन्यांनी मादी एका पिल्लाला जन्म देते. पिल्लाचं तोंड गुलाबी, केस काळे. मुलगी आयुष्यभर आईच्या गोतावळ्यात राहते आणि आईचा टोळीतला मान तिला वारशानं मिळतो. मुलगा वयात येताना कडेला सरकतो आणि त्याला पूर्ण रंग चढायला नऊ-दहा वर्षं लागतात.

दिवसभर ही टोळी बहुतांश जमिनीवरच असते. पाचोळा उचकायचा, लाकूड उलटायचं, फळ, बी, कंद, अळिंबी, मुंग्या, वाळवी, विंचू, गोगलगाय, बेडूक, सापडेल ते खायचं. जबडा इतका मजबूत की इतरांना न फुटणाऱ्या टणक बियाही फुटतात. रात्री झाडावर.

अंधाऱ्या रानात आठशे जण एकत्र राहायचे तर फक्त डोळ्यांवर भागत नाही. माद्या-पिल्लं चालताना सतत आवाज देत राहतात, नर खोल घुमणारा आवाज काढतात. वासाचंही काम मोठं आहे. नराच्या छातीवर मधोमध एक ग्रंथी असते. हे दृश्य जवळून असं असतं. नर झाडापाशी येतो, आधी खोड हुंगतो. मग दोन्ही हातांनी खोड कवटाळतो आणि छाती वर-खाली घासतो, पुन्हा हुंगतो, पुन्हा घासतो. घासून झालं की मागे वळूनही न बघता चालू लागतो. थोड्या वेळानं दुसरा नर येतो तो थेट त्याच जागी नाक टेकवतो. कोण होता, केव्हा गेला, केवढा मातब्बर होता, याचा अंदाज त्याला तिथेच मिळतो.

वासाचा आणखी एक उपयोग दक्षिण गॅबनमधल्या लेकेदी उद्यानात समोर आला. फ्रान्सव्हिलच्या काही मँड्रिलांना तिथे मोकळं सोडलं होतं, आणि मारी शार्पांतिए यांनी २०१२ पासून त्या टोळीचा रोजचा अभ्यास सुरू केला. माकडं एकमेकांच्या अंगावरचं निवडत बसतात ते आपण मनुदेवीला, पाटणादेवीला पाहतोच. एक जण आडवा पडतो, दुसरा बोटांनी केस दुभंगतो, काहीतरी चिमटीत पकडून तोंडात टाकतो. उवा असतात, नसतात, पण मैत्री पक्की होते. लेकेदीत दिसलं की ज्यांच्या आतड्यात परजीवी होते अशांच्या वाट्याला ही सेवा कमी येते. औषध देऊन परजीवी काढले की त्यांना टाळणारी मंडळी पुन्हा जवळ येतात. निरोगी आणि आजारी प्राण्याच्या विष्ठेचा वास वेगळा असतो आणि मँड्रिलांना तो ओळखता येतो. आजाऱ्याची विष्ठा चोपडलेल्या बांबूपासून ते लांब राहिले. बाकीच्यांनी पाठ फिरवली तरी आईकडची जवळची नाती मात्र आजाऱ्याला निवडत राहिली. आई, मुलगी, आईकडून बहीण.

आईकडची नाती सोपी असतात, एकाच मांडीवर वाढलेली. बापाकडची कशी ओळखायची? एका हंगामातली बहुतेक पिल्लं एकाच नराची, पण ती वेगवेगळ्या आयांकडे वाढतात. याच गटानं हजारो फोटो संगणकाला दाखवून चेहरे ओळखायला शिकवलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात एक अनपेक्षित गोष्ट निघाली. एका बापाच्या आणि वेगळ्या आयांच्या सावत्र बहिणी, एका आईच्या सावत्र बहिणींपेक्षा एकमेकींसारख्या जास्त दिसतात. जिथे दुसरा पुरावा नाही तिथे चेहराच दाखला होतो. नंतर असंही दिसलं, की आया आपल्या पिल्लासारखी दिसणारी दुसरी पिल्लं असतील त्यांच्याजवळ आपलं पिल्लू जास्त राहील असं वागतात. 'बापावर गेलाय' ही आपल्याकडची बारशातली हमखास चर्चा माकडांतही कुठल्यातरी पातळीवर चालते म्हणायची.

हावभावाचं एक सांगतो, कारण आपल्याकडे त्यावरून घोटाळा होतो. मँड्रिल डोकं हलवत, ओठ मागे ओढून दात दाखवतो तेव्हा तो जवळिकीचा इशारा असतो. अवाढव्य सुळे दाखवून तो म्हणत असतो, 'ये, काही करत नाही.' आपल्या तांबड्या माकडानं तसे दात विचकले तर ते घाबरलंय किंवा नमतं घेतंय. देवळापाशी लोक 'बघ, हसतंय' म्हणत लेकराला पुढे करतात. घाबरलेलं माकड चावतं. आणि तोंड भरून दिलेली जांभई? ती झोपेची असेलच असं नाही, सुळे दाखवायची ती सभ्य रीत आहे.

शिकार, रस्ते आणि केळी

मँड्रिलला बिबट्या मारतो, अजगर मारतो, पण खरा धोका बंदुकीचा. मध्य आफ्रिकेत रानातलं मांस हे खेड्याचं अन्न आणि शहराचा बाजार, दोन्ही आहे. एवढी मोठी, आवाज करत जाणारी टोळी शोधायला कष्ट पडत नाहीत, आणि कुत्री मागे लावली की मँड्रिल झाडावर चढतो आणि तिथेच अडकतो. लाकूडतोडीच्या कंपन्या रानात रस्ते काढतात, त्याच रस्त्यानं शिकारी आत आणि मांस बाहेर जातं. धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत मँड्रिल 'असुरक्षित' गटात आहे, ड्रिलची अवस्था त्याहून वाईट. दोघांच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आहे. गॅबननं २००२ मध्ये एका दमात तेरा राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, लोपे त्यातलंच. त्यामुळे मँड्रिलला निदान काही ठिकाणी पाय टेकायला जागा आहे.

रावेर-सावद्याकडचा माणूस हे सगळं ऐकून एकच विचारतो, केळी खातं का? खातं. गॅबन-कॅमेरूनमध्ये भाजीची केळी हे रोजचं अन्न आहे, जंगलाला लागून लोकांच्या लहान लहान बागा असतात. टोळी तिथे उतरली की घड आणि कंद यांची नासाडी ठरलेली. भरपाई, पंचनामा या गोष्टी आपल्याकडेही रडतखडत होतात, तिथल्या आडगावात तर त्याची आशाही कुणी धरत नाही. बागायतदार बंदूक घेऊन रात्र जागून काढतो, आणि मारलेला मँड्रिल दुसऱ्या दिवशी बाजारात विकला तर बागेचं थोडं नुकसान भरून निघतं. तेरा उद्यानांच्या बाहेर मँड्रिलचं काय होणार, हे बरंचसं या बागायतदाराच्या हिशेबावर ठरतंय.